यंत्र जाणत नाहीं, यादी पाहतें

मुलांस खोटें सांगूं नये, हें तत्त्व मान्य नसेल असा पालक महाराष्ट्रांत विरळा. तरीहि एका विषयांत सुशिक्षित घरांतून आणि शाळांतून लहान मुलांस राजरोस खोटें सांगितलें जात आहे, आणि सांगणारांस त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. सहा-सात वर्षांचें मूल विचारतें, "संगणकाला माझें नांव कसें कळतें?" आणि वडील माणसें उत्तर देतात, "तो फार हुशार असतो, त्याला सगळें ठाऊक असतें." पूर्वीं मुलास गप्प करण्यासाठीं बागुलबुवा पुढें करीत, आतां संगणक पुढें करतात. फरक एवढाच कीं, बागुलबुवावरचा विश्वास दहाव्या वर्षाच्या आंत उडून जातो, आणि संगणकाच्या सर्वज्ञतेवरचा विश्वास मूल मोठें होऊन संसाराला लागलें तरी त्याच्या मानेवरून उतरत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. संगणकास जाणीव म्हणून कांहीं नसते. त्याच्यापाशीं आंकडे असतात, आणि त्या आंकड्यांचा अर्थ ज्यांत लिहिलेला असतो अशीं कोष्टकें असतात. तो आंकडा घेतो, कोष्टकांतील त्या आंकड्याचें घर पाहतो, आणि तेथें जें लिहिलें असेल तें निमूटपणें पुढें ठेवतो. तो बेरजा-वजाबाक्या करतो आणि त्या विलक्षण वेगानें करतो, हें खरें. पण बेरीज कशाची करावयाची आणि आलेल्या आंकड्यास काय म्हणावयाचें, हें कोणा माणसानें अगोदर करून ठेवलेल्या यादीवरूनच ठरतें. अशा आंकड्यास संकेतांक म्हणतात, आणि 'संकेत' या शब्दांतच सगळा उलगडा आहे. संकेत म्हणजे माणसामाणसांनीं आपसांत केलेला ठराव. हा ठराव काय असतो, हें तिसरी-चौथींतील मुलास सांगतां येतें, मराठींत सांगतां येतें, आणि वर्गांत एकहि संगणक नसला तरी सांगतां येतें. इतकेंच नव्हे, तर तें याच वयांत सांगितलें पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

या आग्रहावर पहिला आक्षेप येतो तो वयाचा. 'एवढ्याशा मुलांना हें कसें झेपणार?' असें विचारणारांनीं परभणी जिल्ह्यांतील एखाद्या साध्या शाळेकडे डोळे उघडून पाहावें. तेथील मूल रोज सकाळीं हजेरीचा आपला क्रमांक ऐकतांच 'हजर' म्हणतें. गुरुजींनीं नांव घेतलेलें नसतें, तरी हांक कोणाला हें त्याला बिनचूक कळतें. रस्त्यावरच्या मोटारीच्या पाटीवर 'एमएच २२' दिसलें तर गाडी आपल्या जिल्ह्यांत नोंदलेली आणि 'एमएच ३८' दिसलें तर हिंगोलीकडची, हें खेड्यांतील पोरें खेळतां खेळतां सांगतात. आगगाडीच्या तिकिटावर परभणीच्या जागीं 'पीबीएन' हीं तीन इंग्रजी अक्षरें आणि पूर्णेच्या जागीं 'पीएयू' हीं तीन अक्षरें असतात. घरांत सोयाबीनच्या बियाण्याची गोष्ट निघाली कीं 'एमएयूएस ७१' असा उच्चार कानीं पडतो. त्यांतील अक्षरें परभणीच्याच कृषि विद्यापीठाच्या जुन्या इंग्रजी नांवाचीं व सोयाबीनचीं आद्याक्षरें आहेत. सारांश, हें मूल संकेतांकांच्या रानांतच वाढत असतें. त्यास नवें कांहीं शिकवावयाचें नाहीं. जें तें रोज वापरतें त्यास नांव द्यावयाचें आहे, आणि एक प्रश्न विचारण्याची संवय लावावयाची आहे: 'ही यादी कोणती, आणि ती कोणी केली?'

उदाहरणासाठीं घरच्या पत्त्यावरचा पिन कोडच घ्यावा. परभणी शहराचा पिन कोड ४३१४०१. हा आंकडा मुलांकडून घोकून घेण्याऐवजीं कांद्याप्रमाणें सोलून दाखवावा. पहिला अंक ४ हा देशाचा एक मोठा विभाग सांगतो. त्यांत महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश आणि छत्तीसगड हीं राज्यें येतात. दुसरा अंक त्यांतील पोटविभाग दाखवितो. तिसरा अंक टपालाची वाटणी करण्यासाठीं पाडलेला जिल्हा दाखवितो. आणि शेवटचे तीन अंक त्या जिल्ह्यांतील टपालकचेरी दाखवितात. ४३१ या तीन अंकांखालीं परभणीबरोबर नांदेड, जालना, बीड आणि हिंगोली हींहि गांवें येतात. तेव्हां टपालखात्याचा जिल्हा वेगळा आणि कलेक्टरांचा जिल्हा वेगळा, हेंहि मुलाच्या सहज ध्यानांत येतें. आतां फळ्यावर ४३१ मधील शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल करून ४१३ लिहावें आणि विचारावें, पत्र कोठें जाईल? तें सोलापूर-लातूरच्या वाटेला लागेल. पत्त्यावरचें 'परभणी' हें नांव वाचणारा टपालवाला मनाशीं हंसून चूक दुरुस्त करील. केवळ आंकडा वाचणारें यंत्र तसें करणार नाहीं, कारण त्याच्या लेखीं चूक झालेलीच नाहीं. माणूस आणि यंत्र यांतील भेद याहून सोप्या रीतीनें समजावतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि ही यादी कोणी केली, या प्रश्नाचें उत्तरहि मराठी मुलास अभिमान वाटावा असें आहे. पिन कोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यांतील अधिकारी, आणि त्याबरोबरच संस्कृतांत काव्य व नाटकें लिहिणारे पंडित. एकाच नांवाचीं अनेक गांवें, पत्ते लिहिण्याच्या नाना भाषा आणि नाना लिपी, यांमुळें होणारा घोटाळा त्यांनीं सहा अंकांनीं सोडविला. म्हणजे संकेतांक आकाशांतून पडत नाहींत; ते कोणी विचारी माणूस एका विशिष्ट अडचणीवर उपाय म्हणून बसवितो. हें ज्यास कळलें त्याला त्या आंकड्यांची भीति वाटत नाहीं.

नांव आणि संकेतांक या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हें शिकविण्यास तर मराठवाड्याइतका चांगला प्रदेश नाहीं. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. मोटारींच्या नोंदणीच्या यादींत त्यास ३८ हा नवा क्रमांक मिळाला. टपालाच्या यादींत मात्र तो आहे तेथेंच राहिला. २०२३ सालीं औरंगाबादचें नांव सरकारनें छत्रपती संभाजीनगर असें केलें. पण शहराचा ४३१००१ हा टपालाचा संकेतांक नांवाबरोबर बदलला नाहीं. एक यादी बदलते, दुसरी बदलत नाहीं, आणि दोन्ही आपापल्या कामापुरत्या बरोबर असतात. मोठमोठ्या कचेऱ्यांतील माहितीचे सांठे याच एका युक्तीवर उभे आहेत. आणि चौथीच्या वर्गांत ही युक्ति समजण्यास नकाशा आणि खडू यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.

येथून अक्षरांकडे वळणें अगदीं सोपें आहे. संगणकापाशीं अक्षरें नसतात. अक्षरांचे क्रमांक असतात. युनिकोड नांवाच्या ज्या जागतिक कोष्टकाची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, त्यांत 'क' चा क्रमांक २३२५ आहे. 'परभणी' हें नांव संगणकांत सांठवावयाचें तर प २३४६, र २३५२, भ २३४९, ण २३३९ आणि शेवटची दीर्घ वेलांटी २३६८, असे पांच आंकडे सांठवावे लागतात. वर्णमालेचा असा एक तक्ता भिंतीवर लावून मुलांस एकमेकांस आंकड्यांतून चिठ्ठ्या लिहूं द्याव्या. अर्ध्या तासांत 'संगणकाला माझें नांव कसें कळतें?' या प्रश्नाचें खरें उत्तर तीं आपण होऊन देतील: 'त्याला तें कळत नाहीं, तो आंकडे पाहून तक्त्यांतलीं अक्षरें काढतो.'

पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. तिसरीच्या हजेरींत १७ हा क्रमांक एका मुलीचा, चौथीच्या हजेरींत तोच क्रमांक दुसऱ्या एका मुलाचा. दोन वर्गांच्या हजेरीपटांची अदलाबदल केली तर १७ म्हणतांच भलतेंच मूल उठून उभें राहील. मराठीच्या बाबतींत नेमकें हेंच अनेक वर्षें घडत होतें. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं छापखान्यांतील संगणकांवर देवनागरी अक्षरें इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसविलेलीं असत, आणि तीं कशीं बसवावीं याची प्रत्येक कारखानदाराची यादी निराळी असे. एका ठिकाणीं सुबक मराठींत लिहिलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणीं उघडला कीं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. लोक म्हणत, 'संगणक बिघडला'. संगणक बिघडलेला नसे. आंकडे तेच होते, हजेरीपट चुकीचा होता. एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या पदवीधरांस उलगडत नव्हती, याचें कारण त्यांस लहानपणीं ती कोणी सांगितली नव्हती.

आणि यादी करणारा यादींत आपल्या सोयी-गैरसोयीहि घालून ठेवतो, हेंहि मुलांनीं पाहावें. शाळेच्या तक्त्यांत 'ळ' हा 'ह' च्या नंतर येतो. युनिकोडांत तो २३५५ क्रमांकावर, म्हणजे 'ल' आणि 'व' यांच्यामध्यें आहे. कारण ही मांडणी सर्व भारतीय लिपींस एकच साचा लावणाऱ्या 'इस्की' या १९८८ च्या प्रमाणकावरून घेतलेली आहे. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांस तर स्वतःचें घरच नाहीं; 'क्ष' लिहावयाचा तर क, पायमोड आणि ष असे तीन आंकडे लागतात. केवळ या क्रमांकांवर विसंबून मराठी शब्दकोश लावला तर तो मराठी वर्णक्रमानें लागणार नाहीं, म्हणून क्रम लावण्यासाठीं आणखी एक निराळी यादी ठेवावी लागते. यांत कोणाचा दुष्टावा नाहीं. पण यंत्राचा क्रम हा निसर्गाचा क्रम नव्हे, तो कोणी तरी ठरविलेला आहे, हें ज्ञान मराठीच्या पुढच्या पिढीस असावें कीं नसावें?

दुसरा आक्षेप जुन्या वळणाच्या मंडळींचा. ते म्हणतात, 'यादींत पाहून उत्तर देणें म्हणजे बुद्धि गहाण ठेवणें. मुलांनीं हें कशाला शिकावें?' आम्ही त्यांस त्यांचीच शाळा आठवून देतों. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी यांचे पाढे म्हणजे दुसरें काय होतें? सात आठें छप्पन म्हणणारें मूल त्या क्षणीं गुणाकार करीत नसतें. तें मनांतल्या यादींतलें घर पाहत असतें. आयबीएम कंपनीनें १९५९ सालीं जाहीर केलेलें '१६२०' हें यंत्र अक्षरशः याच रीतीनें चाले. बेरीज आणि गुणाकार यांचे पाढे त्याच्या स्मृतींत भरावे लागत, आणि तें प्रत्येक उत्तर त्यांत पाहून सांगे. 'याला बेरीज येत नाहीं, आणि हा प्रयत्नहि करीत नाहीं', अशी त्याची थट्टा होत असे. या थट्टेच्याच यंत्रावर १९६३ पासून कानपूरच्या आयआयटींत हिंदुस्थानांतील तरुणांनीं संगणकाचे धडे गिरविले. तेव्हां यादी पाहणें हें हीन काम नव्हे. हीन आहे तें यादी पाहत असतांना आपण जाणतों असा आव आणणें.

पाढा चुकीचा पाठ झाला तर काय होतें, याचाहि दाखला इतिहासांत आहे. १९९४ सालीं इंटेल कंपनीच्या पेंटियम या संगणक-चकतींत भागाकारासाठीं कोरलेल्या कोष्टकांतील १,०६६ घरांपैकीं पांच घरें भरावयाचीं राहून गेलीं होतीं. बहुतेक भागाकार बरोबर येत. क्वचित् एखादा चुके. थॉमस नाइसली या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकानें उत्तरांचा ताळा पाहिला म्हणून ती चूक उजेडांत आली, आणि चकत्या बदलून देण्यापायीं कंपनीस ४७ कोटी ५० लक्ष डॉलरांची तरतूद करावी लागली. ज्यांनीं ताळा पाहिला नाहीं त्यांस चकती चुकते आहे याची गंधवार्ताहि नव्हती. ताळा पाहणें ही आपल्या शाळांची जुनी शिकवण. ती संगणकाच्या दाराशीं येतांच आपण पायपोसाप्रमाणें बाहेर कां ठेवावी?

तिसरा वर्ग आक्षेप घेणारांचा नव्हे, उत्साही मंडळींचा आहे, आणि आमचें खरें भांडण त्यांच्याशींच आहे. हे पालक मुलाच्या पांचव्या वर्षापासून 'कोडिंग'च्या शिकवणीवर पैसे खर्च करतात. या शिकवण्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं मूल रंगीत ठोकळे एकापुढें एक मांडतें, पडद्यावर मांजर उडी मारतें, आणि आईबाप कृतकृत्य होतात. शाळांतून दुसरा प्रकार चालतो: 'सीपीयू'चें लांबलचक नांव काय, 'रॅम'चें काय, हें इंग्रजींतून पाठ करावयाचें आणि परीक्षेंत ओकावयाचें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें कोडिंगसारख्या गोष्टी सहावीच्या पुढील टप्प्यांत आणाव्या असें म्हटलें आहे. तें आम्हांस मान्य आहे. पण सहावीपूर्वींचीं पांच वर्षें अंधश्रद्धेंत काढावीं, असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. पाया रचावयाचा तो याच वर्षांत, आणि तो ठोकळ्यांचा नव्हे, लांबलचक नांवांचा नव्हे, तर यादी आणि खूण या साध्या कल्पनेचा.

कोणी म्हणेल कीं, आतां माणसाप्रमाणें बोलणारीं यंत्रें निघालीं आहेत, तेव्हां यादीची गोष्ट जुनी झाली. ती झालेली नाहीं. हीं यंत्रेंहि आपलें वाक्य प्रथम तुकड्यांत फोडतात आणि प्रत्येक तुकड्याचा क्रमांक ठरलेल्या यादींतून घेतात. पुढें त्या क्रमांकांवर जो प्रचंड हिशेब चालतो तो मुलास समजावण्याजोगा नाहीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु उंबरठा यादीचाच आहे. ज्याला उंबरठा ठाऊक नाहीं, तो आंतल्या देवाला केवळ नमस्कारच करणार.

एवढा आटापिटा कशासाठीं, असें विचाराल तर सांगतों. आज शेतकऱ्याचें अनुदान, विद्यार्थिनीची शिष्यवृत्ति, म्हाताऱ्या आईचें निवृत्तिवेतन, हें सर्व संकेतांकांच्या वाटेनें येतें. बँकेच्या शाखेचा आयएफएससी हा अकरा घरांचा. पहिलीं चार घरें बँकेचीं, पांचवें शून्याचें, उरलेलीं सहा शाखेचीं. आधारचा क्रमांक बारा अंकांचा. त्यांतील शेवटचा अंक बाकीच्या अकरांचा ताळा असतो. हा ताळा अंक लिहिण्यांतली चूक पकडतो. तो अंक कोणाचा आहे, हें मात्र पकडूं शकत नाहीं. एका घरांत एक आंकडा चुकला कीं पैसे अडतात, आणि खिडकीपलीकडून उत्तर येतें, 'संगणक घेत नाहीं.' ज्याला लहानपणीं 'संगणकास सगळें ठाऊक असतें' असें शिकविलें, तो या उत्तरापुढें मान खालीं घालून परत फिरतो. दैवानेंच नाहीं म्हटलें, असें त्यास वाटतें. ज्याला यादीची गोष्ट ठाऊक आहे, तो विचारतो, "साहेब, कोणत्या यादींत पाहिलेंत? तींत माझ्या नांवापुढें काय लिहिलें आहे? ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा?" या तीन प्रश्नांत उद्दामपणा नाहीं, नागरिकाचें नागरिकत्व आहे.

यादी ज्याच्या हातीं, ज्ञान त्याच्या हातीं, हा अनुभव मराठी वाङ्मयास नवा नाहीं. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. अक्षरें डोळ्यांसमोर, भाषा मराठी, पण एका अक्षराच्या जागीं दुसरें कोणतें वाचावयाचें ही किल्ली पंथाच्या हातीं; त्यामुळें बाहेरच्या मराठी वाचकांस आपल्याच भाषेंतील हें धन शतकानुशतकें परकें राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती किल्ली उलगडली, तेव्हां आद्य मराठी गद्याचें भांडार खुलें झालें. त्या पंथीयांस आपल्या ग्रंथांचें रक्षण करावयाचें होतें, म्हणून त्यांचें करणें समजण्यासारखें आहे. आजच्या याद्या मात्र कोणी लपविलेल्या नाहींत. पिन कोडची यादी उघडी आहे, युनिकोडचा तक्ता उघडा आहे. किल्ली दारावरच टांगलेली असतांना आपलीं मुलें दाराबाहेर उभीं राहत असतील, तर तो दोष यंत्राचा नाहीं, मुलांचाहि नाहीं; तो आपला, वडील माणसांचा आहे.

म्हणून आमचें मागणें फार थोडें आहे. नवा विषय नको, नवें पुस्तक नको, नवी परीक्षा तर नकोच. परभणी, पाथरी, सेलू, गंगाखेड, जेथें कोठें मराठी शाळा भरते तेथें तिसरी-चौथीच्या गुरुजींनीं वर्षांतून चार तास या कामीं द्यावे: एक हजेरीपटाचा, एक पिन कोडचा, एक अक्षरांच्या आंकड्यांचा, आणि एक चुकलेल्या यादीचा. आणि घरीं मुलानें तो जुना प्रश्न विचारला, तर आईबापांनीं 'त्याला सगळें ठाऊक असतें' हें वाक्य जिभेवर येतांच गिळावें आणि म्हणावें, "त्याला कांहीं ठाऊक नसतें, बाळ. त्याच्यापाशीं एक यादी असते, आणि ती कोणी तरी माणसानें केलेली असते. चल, ती कशी असते तें आपण पाहूं."